पिवळ्या दोऱ्याचं बकरं

आमच्या घरात शहाणपणाचा कधी तुटवडा पडला नाही. माझे मालक सुभेदार लालासाहेब सैन्याच्या रसद खात्यात होते, त्यामुळे आमच्याकडे शहाणपण घाऊकच येतं. नोकरीभर त्यांनी पलटणींना पीठ, डाळ, रॉकेल आणि मटण पुरवलं. लेहच्या बर्फात हिवाळाभराचं मटण कसं साठवतात, हे गावातल्या लहान पोरांनाही पाठ आहे, कारण आमच्या सोप्यात, म्हणजे पुढच्या ओसरीत, बसून ज्यानं ज्यानं चहा घेतला, त्याला यांनी ते चहाबरोबर पाजलेलं आहे. आमचं गाव शिराळ्याच्या अंगाला, वारणेकाठी. इथं बर्फ दिसतो तो फक्त उसाच्या रसाच्या गाड्यावर. पण म्हणून सुभेदारांचं मन काही लेहवरून खाली उतरलं नाही.

गावात दर रविवारी वाटा पडतो. म्हणजे आठ-दहा घरं मिळून एक बकरं घेतात, भाऊसो खाटीक ते लिंबाखाली कापतो आणि पळसाच्या पानांवर सारखे ढीग लावतो. प्रत्येक ढिगात थोडी कलेजी, थोडी चरबी, एखादी नळी. मग कुणाचा ढीग मोठा, यावरून बायका आठवडाभर पुरेल एवढं भांडून घेतात. मला हे सगळं फार आवडायचं. मटणापेक्षा भांडण जास्त.

एका रविवारी आमच्या ढिगात मानेचं हाड आलं आणि सुभेदारांनी वाटा सोडला.

"निम्मी हाडं असत्यात तुमच्या वाट्यात," ते भाऊसोला म्हणाले. "आन् रविवार आला की भाव चढतोय. गाव येडं हाय म्हणून चाललंय तुझं."

"व्हय सुभेदार," भाऊसो सुरी पुसत म्हणाला. "बकऱ्याला हाडंच नसती तर लय बरं झालं असतं."

त्या दिवसापासून यांच्या फोनमध्ये एक माणूस राहायला आला. तो कुठल्या देशातला होता देव जाणे, पण तो रोज एक मोठी पेटी उघडून दाखवायचा आणि एकदम मटण घेऊन गोठवलं की वर्षाला किती पैसे वाचतात ते सांगायचा. त्याच्या मागच्या खिडकीतून बर्फ दिसत होता. सुभेदारांना तेवढी ओळख पुरेशी होती. सख्ख्या भावाचं जेवढं ऐकलं नाही तेवढं त्यांनी त्या माणसाचं ऐकलं.

मग कुपवाडच्या एका वर्कशॉपमधून टेंपोतून फ्रीजर आला. सेकंडहँड, कुठल्यातरी बंद पडलेल्या आईस्क्रीमच्या दुकानातला. त्याच्यावर मोठ्ठं पांढरं अस्वल होतं आणि अस्वलाच्या हातात गुलाबी कोन. स्वयंपाकघराच्या दारातून तो जाईना. उभा करून झाला, आडवा करून झाला, दाराची चौकट काढायचा विषय निघाला तेव्हा मी चौकटीत जाऊन उभी राहिले. शेवटी तो सोप्यातच ठेवला, यांच्या पदकांच्या फोटोखाली. आलेला पाहुणा आधी पदकांना नमस्कार करायचा, मग अस्वलाला. गल्लीतली पोरं महिनाभर कुल्फी मागायला येत होती. त्यांना हे लेहची गोष्ट सांगायचे, मग पोरं यायची बंद झाली.

फ्रीजर आला, आता भरायचा कशानं? इथं सुभेदारांनी जी अक्कल चालवली ती मानली पाहिजे. श्रावणात अख्खा तालुका मटण सोडतो. बकऱ्यांना कुणी विचारत नाही, भाव मातीला मिळतो. तेव्हाच घ्यायचं आणि श्रावण संपला, गणपती झाले, नवरात्र उठलं, की लोक चढ्या भावानं वाटे घेत असताना आपण घरात बसून झाकण उघडायचं.

"आवं, श्रावण हाय," मी म्हणाले. "घरात आणायचं?"

"खायचं न्हाई. नुसतं ठिवायचं. सोवळं तोंडाला असतंय, पेटीला न्हाई."

बरं, मुहूर्त कुठला काढावा? तर नागपंचमीचा. त्या दिवशी सगळी माणसं शिराळ्याला नागाच्या जत्रेला जातात, गावात कुणी नसतं, म्हणजे बघायला कुणी नाही. भाऊसोनं हात जोडले. नागपंचमीला आमच्याकडे बाई विळीला हात लावत नाही, भाजीसुद्धा चिरत नाही, आणि हे त्याला तीन बकरी कापायला सांगत होते. दुसऱ्या दिवशी तो आला, मागच्या अंगणात खाली मान घालून काम केलं आणि मजुरी घेऊन निघून गेला. यांनी पिशव्या भरल्या, पिशव्यांवर मार्करनं आकडे घातले, आणि अस्वलाच्या अंगावर सोलापुरी चादर टाकली. श्रावण सोमवारी मी उपवास धरून त्या चादरीवर कपड्यांच्या घड्या घालत होते. शिवेवरच्या म्हसोबानं आणि महादेवानं मिळून काय विचार केला असेल, मला माहीत नाही.

त्यातल्या काही पिशव्यांना पिवळा दोरा बांधलेला होता.

"हे कशाला?"

"ते देवाचं," सुभेदार म्हणाले. "तुझ्या नवसाचं. मुंडी, पाय, सगळं वेगळं काढलंय. एक बोट कमी न्हाई."

आता हा नवस काय ते सांगते, आणि हे थट्टेत सांगत नाही. आदल्या हिवाळ्यात आमची शिवांजली सांगलीच्या दवाखान्यात बाळंत झाली. दुपारी तिचं ब्लडप्रेशर चढलं, तिला झटके आले, आणि एक नर्स पळत येऊन माझ्यासमोर कागद धरून म्हणाली, सही करा. कशावर, ते मला आजही माहीत नाही. मी सही केली आणि तिथंच, चपलांच्या रॅकपाशी खाली बसून म्हसोबाला म्हणाले, पोर आणि बाळ दोन्ही दे, तुझ्या दारात जितं बकरं उभं करीन. माझ्याबरोबर कुणी नव्हतं. जावई जयराज साताऱ्याहून निघाले होते, ते वाटेत होते. आणि आमचे हे खाली मेडिकलवाल्याशी औषधाच्या बिलातल्या सवलतीवरून हुज्जत घालत होते. तो आवाज वरपर्यंत येत होता. म्हसोबानं दोन्ही दिली. नातू आता भिंतीला धरून चालतो आणि अस्वलाला पापा देतो.

तेव्हा मी पिवळ्या दोऱ्याकडे बघितलं आणि म्हणाले, "मी जितं बकरं बोललीया. देवाम्होरं उभं करायचं, अंगावर पाणी घालायचं, त्यानं अंग झाडलं की देवाला पावलं. ह्या पिशवीनं अंग कसं झाडायचं?"

आमच्याकडे हे लहान पोराला विचारलं तरी सांगेल. बकऱ्यानं अंग झाडल्याशिवाय सुरी लागत नाही. देवानं हो म्हटल्याची तीच खूण.

"झाडलंय," सुभेदार म्हणाले.

"कवा?"

"कापायच्या आदी. मी त्याला शिवंकडं तोंड करून उभं केलं हुतं. देवाला सांगितलं, हे तुझं, नंतर पोचवतो. झाडलं की त्यानं अंग."

"पाणी घातलं हुतं?"

"माशी बसली हुती. पर झाडलं का न्हाई? झाडलं! कशानं का झाडंना."

मी म्हणाले, नवस मी बोललेय, बकरं जितंच पाहिजे. ते म्हणाले, एका कामाला दोनदा खर्च हे सैन्यात चालत नाही. मी म्हणाले, हे सैन्य नाही. ते म्हणाले, तेच तर, म्हणून तुमच्या गावाची ही गत आहे. दसऱ्याला त्यांनी साध्या पिशव्यांपैकी दोन काढल्या. मटण शिजता शिजेना, चार शिट्ट्या, आठ शिट्ट्या, शेवटी कुकरच दमला. हे ताटावर बसून चघळत होते आणि म्हणत होते, "लेहला ह्याच्यापेक्षा कडक असायचं." म्हणजे हे आमचं समाधान.

जावळाचा आणि नवसाचा दिवस दिवाळीनंतरचा ठरला. शिवांजलीचे सासरे नानासो साताऱ्याकडून भावकी घेऊन येणार होते. मला झोप लागेना. नानासो घरंदाज माणूस. त्यांच्यासमोर म्हसोबाच्या पायाशी आम्ही पिशवी ठेवणार आणि हे तिला पाणी घालणार, हे डोळ्यांपुढे यायचं. पण नानासो काय म्हणतील, हे राहू दे. मी त्या रॅकपाशी बसून जे बोलले होते, ते फसवून कसं फेडायचं, हा प्रश्न होता. देवानं जितंजागतं पोरगं दिलं आणि आपण गोठलेलं परत करायचं? मला याची लाज वाटत होती आणि यांना हिशोबात बसतंय एवढंच दिसत होतं.

मग वीज गेली.

आमच्याकडे विजेचं असं आहे की डोंगरापलीकडे कोयना आहे. तिथली वीज डोंगर ओलांडते, नद्या ओलांडते, कुठल्या कुठल्या शहरांत जाऊन दुकानांच्या पाट्या उजळते. वाटेत आमच्या गावात तेवढं उतरायला तिला जमत नाही. उसाला पाणी द्यायला सगळ्यांनी एकदम मोटारी लावल्या आणि गावचा ट्रान्सफॉर्मर धूर काढून बसला. नवसाला तीन दिवस राहिले होते.

"झाकान उघडायचं न्हाई!" सुभेदारांनी हुकूम सोडला. फ्रीजरला गोणपाट गुंडाळलं, वर दोन गाद्या टाकल्या, आणि स्वतः खुर्ची घेऊन बाजूला बसले. जाता-येता वायरमनला फोन चालले होते. वायरमन म्हणायचा, ट्रान्सफॉर्मर निघालाय. तोही बहुधा लेहवरून निघाला असावा.

पहिल्या संध्याकाळी भाऊसो येऊन दारात उभा राहिला. वाटा सोडल्यापासून पहिल्यांदाच आला होता, श्रावणातली ती मजुरी सोडली तर.

"सुभेदार, अजून बरं हाय तवर काढा. मी वाटे घालून देतो. गल्लीत सगळ्यास्नी जाईल. वाया तरी जायचं न्हाई."

"फुकट?" हे म्हणाले. "अजून गार हाय ते. तुला काय कळतंय त्यातलं?"

भाऊसोनं माझ्याकडे बघितलं, मी भाऊसोकडे बघितलं, आणि तो गेला.

दुसऱ्या दिवशी फ्रीजरच्या खालून पाणी आलं. दुपारी गल्लीतली कुत्री आली. भुंकली नाहीत, काही नाही, नुसती आमच्या दारासमोर ओळीनं येऊन बसली. एवढी शिस्त यांच्या हाताखालच्या पलटणीत तरी होती का, शंका आहे. संध्याकाळी वास आला. शिवांजली नातवाला घेऊन आली होती, ती नाकाला पदर लावून म्हणाली, "पप्पा, आता उघडा." तेव्हा त्यांनी गाद्या काढल्या, गोणपाट काढलं आणि झाकण उघडलं. आम्ही सगळे परसात पळालो. हे एकटेच आत उभे राहिले, हातात झाकण धरून.

सकाळी त्यांनी उसाच्या बांधाला खड्डा खणला. गड्याला हात लावू दिला नाही. सगळं मीठ टाकून पुरलं, पिवळा दोरा बांधलेलंसुद्धा. मी चहा घेऊन गेले. खोटं कशाला बोलू, जाताना मला बरं वाटत होतं. पण ते बांधावर बसले होते, हाताला माती, आणि एक पिवळा दोरा बोटाला गुंडाळत होते. चहा घेतला आणि म्हणाले, "चांगली योजना हुती." मी कप उचलून मागं फिरले. एवढ्या मातीवर आणखी माती काय टाकायची!

त्यांनी त्याच दिवशी बिरदेव धनगराकडून जितं बकरं आणलं. बिरदेवाला सगळं कळलेलं होतं. गावात कुणाला कळलं नव्हतं? त्यानं नुसता भाव सांगितला. आणि आमचे सुभेदार, ज्यांनी कोथिंबिरीची जुडीसुद्धा कधी पहिल्या भावाला घेतली नाही, त्यांनी मुकाट्यानं पैसे दिले.

नवसाच्या दिवशी शिवेवर मांडव घातला. नानासो पांढऱ्या शुभ्र कपड्यांत, भावकी पन्नासभर. चुली पेटल्या, मसाला वाटून तयार. पुजारी ज्ञानूनं बकऱ्याला हळद लावली, झेंडूची माळ घातली आणि म्हसोबासमोर उभं केलं. सुभेदारांनी तांब्यातलं पाणी त्याच्या पाठीवर सोडलं.

बकरं उभंच.

पुन्हा पाणी. बकऱ्यानं म्हसोबाकडे बघितलं, मग नानासोंकडे बघितलं. बिरदेवाचं बकरं ते, डोंगरातल्या पावसात वाढलेलं. तांब्याभर पाण्याचं त्याला काय कौतुक? तिसऱ्या तांब्यालाही तसंच. अशा वेळी रीत आहे: ज्याच्या त्याच्या मनात जे असेल त्यानं देवापुढं बोलायचं आणि क्षमा मागायची. नानासो पुढे झाले आणि म्हणाले, "देवा, आमच्याकडनं मानपानात काय राहिलं असंल तर माफ कर." जयराज काहीतरी पुटपुटले. शिवांजली रडत म्हणाली, "मी आईवर लय चिडते, चुकतं माझं." बकऱ्यानं मान वळवली आणि गळ्यातल्या माळेचा एक झेंडू खायला घेतला.

सगळे आमच्या यांच्याकडे बघायला लागले. हे सावधान उभे राहिले आणि परेडच्या आवाजात म्हणाले, "देवा म्हसोबा, कुणाकडनं काय चुकलं असंल तर पदरात घे."

कुणाकडनं. असंल तर. बकऱ्यानं दुसरा झेंडू घेतला.

"तसं न्हवं सुभेदार," ज्ञानू हळूच म्हणाला. "ज्याचं त्यानं बोलायचं असतंय."

सुभेदारांनी माझ्याकडे बघितलं. मी म्हणू शकले असते, जाऊ द्या, झालं गेलं. भल्या बायका अशा वेळी तेच म्हणतात. मी पदर सारखा केला आणि गप्प उभी राहिले. माझ्या मनात सारखं येत होतं, की ह्या बकऱ्यानं आज अंग झाडलं नाही तर नवस राहिला, आणि नवस राहिला तर माझ्या नातवाकडे बघताना मला आयुष्यभर धाकधूक. तरी मी त्यांना वाट मोकळी करून दिली नाही.

"शिवांजलीच्या आई," ते म्हणाले. आवाज परेडचा नव्हता. "चुकलं माझं. बकऱ्याचं तर चुकलंच. पर दवाखान्यात तुला वर एकटीला सोडलं, ते त्याहून चुकलं. पोरीचं आरडणं खाली ऐकू येत हुतं. मी भ्यालो हुतो. वर यायचं धाडस झालं न्हाई, म्हणून त्या मेडिकलवाल्यासंगं भांडत बसलो. सवलत त्यानं कवाच दिली हुती."

पन्नास माणसांसमोर बोलले. इतकी वर्षं संसार केला, या माणसाच्या तोंडून 'भ्यालो' हा शब्द मी पहिल्यांदा ऐकला. मला रडू आलं आणि रागही आला, की हे त्याच दिवशी सांगितलं असतं तर वर्षभर मी तो आवाज मनात धरून बसले नसते.

"बरं," मी म्हणाले. "घाला पाणी."

त्यांनी घाईनं तांब्या उचलला. तांब्या कलला आणि पाणी भस्सकन बकऱ्याच्या कानात गेलं. बकऱ्यानं शिंगापासून शेपटीपर्यंत असं अंग झाडलं की नानासोंचे पांढरे कपडे हळदीनं पिवळे झाले. माणसं ओरडली, "पावला! म्हसोबा पावला!" शिवांजलीनं नातवाला देवाच्या पायांवर घातलं.

आता ते देवाला पटलं म्हणून झाडलं की कानात पाणी गेलं म्हणून, हे मला विचारू नका. झाडलं का नाही? झाडलं.

नवसाचं मटण घरी नेत नाहीत. शिवेवरच संपवायचं, रात्र काढू द्यायची नाही. म्हणजे ज्या एका बकऱ्याला यांनी मन लावून गोठवलं, नेमकं तेच ठेवायचं नसतं. हे सांगायला भाऊसो पुढे झाला, तर सुभेदार म्हणाले, "म्हाईत हाय," आणि त्याच्या हातातली परात घेतली. भावकी जेवल्यावर उरलेल्याचे पळसाच्या पानांवर दोघांनी मिळून सारखे ढीग लावले आणि गावाला तिथंच खायला वाटले. एका ढिगात मानेचं हाड गेलं. ते कुणाच्या पानात गेलं, यावरून लगेच भांडण लागलं. मला फार बरं वाटलं.

आमच्याकडे अशा पंगतीत बाया शेवटी बसतात, चूल विझताना. मी पातेली आवरत होते, तर हे ताट घेऊन आले. वाढून आणलेलं. आयुष्यात पहिल्यांदा, त्यामुळे भाकरी रश्श्यात बुडालेली आणि कांदा कुठे दिसत नव्हता. "बस," म्हणाले. ताटात कलेजीचा तुकडा होता, वाट्यात सगळे ज्याच्यासाठी भांडतात तो.

मी बसले आणि खाल्ला. ताजा होता.